उंच इमारतींचे नियम आणि आपला तलावाचा काठ : मुंबईच्या कोळीवाड्यांकडून काय शिकायचं



सध्या सभासद आम्हाला एक प्रश्न वारंवार विचारतात. गोंदिया, बालाघाट, नागपूरला कामाला जाणारी आपली पोरं सांगतात की तिकडे दोन मजल्यांचं घर पाडून सात-सात मजले उभे राहतात. आपल्याकडेही रस्त्याकडेच्या शेतात प्लॉट पडतात, चुन्याच्या रेघा दिसतात. मग लोक विचारतात, "सचिवसाहेब, शहरात घरं दाट बांधायचे नियम आले तर आपलं काय? आपण तर तलावावर जगणारी माणसं."

प्रश्न बरोबर आहे. उत्तर एका वाक्यात सांगण्यासारखं नाही, म्हणून इथे सविस्तर लिहितो. वाचा, घरात वाचून दाखवा.

नियम म्हणजे नेमकं काय

सरकार शहराचा नक्शा करते. त्यात ठरवते की ही जमीन राहण्याची, ही बाजाराची, ही शेतीची, हे पाणी, हा रस्ता. हा झाला झोन. दुसरं ठरवते की एका प्लॉटवर एकूण किती बांधकाम करायचं. महाराष्ट्रात त्याला एफएसआय म्हणतात, आपल्या मध्य प्रदेशात एफएआर. दोन्ही एकच.

सोपा हिशोब बघा. प्लॉट १००० चौरस फूट. एफएआर १ असेल तर सगळे मजले मिळून १००० फूट बांधता येईल. सगळ्या प्लॉटवर एक मजला बांधा, नाहीतर ५००-५०० चे दोन. एफएआर २ केला तर २००० फूट. जमीन तेवढीच, पण बांधायचा हक्क दुप्पट झाला. हक्क दुप्पट झाला की जमिनीचा भावही चढतो. गंमत अशी की भाव चढायला कोणी वीट लावावी लागत नाही. कागदावरचा आकडा बदलला की पुरे.

दाट घरांच्या नियमांचा अर्थ हाच. आकडा वाढवायचा, मजले वाढवू द्यायचे, म्हणजे त्याच जमिनीवर जास्त कुटुंबं राहतील.

हे वाईटच आहे असं आम्ही म्हणत नाही

न्यूझीलंड देशात ऑकलंड नावाचं मोठं शहर आहे. तिथे २०१६ साली राहण्याच्या जमिनीपैकी साधारण तीन-चतुर्थांश जमिनीवर जास्त घरं बांधायला मोकळीक दिली. त्यानंतर तिथे घरांच्या परवानग्या खूप वाढल्या, विशेषतः एकाला एक लागून असलेल्या घरांच्या. अभ्यास करणाऱ्यांनी लिहिलं आहे की असं केलं नसतं तर भाडी आणखी चढली असती.

आपल्यासाठीही यात एक चांगली गोष्ट आहे. शहर वर गेलं नाही तर बाजूला पसरते. बाजूला पसरते म्हणजे कुठे? शेतात, बोडीच्या काठावर, तलावात पाणी आणणाऱ्या नाल्यावर. आबादीतल्याच घरावर दुसरा मजला चढला तर बोडी वाचते. आपल्या घरात दोन भावांची लग्नं झाली, खोली एकच, तर वर बांधायची परवानगी आपल्यालाही हवीच आहे.

म्हणजे भांडण मजल्यांशी नाही. नक्शा तयार होताना त्यात आपली कामाची जागा दिसते की नाही, हा खरा प्रश्न आहे. ते कळण्यासाठी मुंबईच्या कोळी बांधवांचं उदाहरण बघू.

मुंबईत काय झालं

वरळी, माहीम, खारदांडा, वर्सोवा, मढ, सायन. मुंबईत हे जुने कोळीवाडे आहेत. मुंबई मोठी व्हायच्या आधीपासून कोळी तिथे राहतात. कोळीवाडा म्हणजे फक्त घरं नव्हेत. होडी ओढून ठेवायची जागा, जाळी पसरायची जागा, बोंबील वाळवायचं खळं, बर्फाची पेटी ठेवायचा कोपरा, बायकांनी मासळी निवडायचं अंगण आणि पाण्यापर्यंत जायची वाट. हे सगळं मिळून कोळीवाडा.

आता अडचण बघा. खळ्याचा सातबारा बहुतेक ठिकाणी कोणाच्या नावाने नसतो. ते सगळ्यांचं असते. आणि जे सगळ्यांचं असते ते सरकारी कागदात पुष्कळदा कोणाचंच नसते. नक्शा काढणारा माणूस दुपारी येतो, जमीन मोकळी दिसते, तो लिहून घेतो "मोकळी जागा".

मुंबईचा विकास आराखडा साधारण वीस वर्षांसाठी असतो. २०१४ ते २०३४ या काळासाठीचा पहिला मसुदा फेब्रुवारी २०१५ मध्ये लोकांसमोर आला. त्यात काही भागांत, स्टेशनांजवळ वगैरे, एफएसआय ८ पर्यंत न्यायचा प्रस्ताव होता. तोपर्यंत शहरात मूळ एफएसआय १.३३ आणि उपनगरात १ होता. म्हणजे किती मोठी उडी होती बघा. पण मसुद्यात चुकाही फार होत्या. कोळीवाड्यांच्या आणि गावठाणांच्या लोकांनी तक्रारी केल्या की आमच्या वस्त्या नीट दाखवलेल्या नाहीत, हद्दी चुकल्या आहेत. मुंबईभरातून हजारो हरकती गेल्या. शेवटी एप्रिल २०१५ मध्ये मुख्यमंत्र्यांनी तो मसुदा मागे घेऊन दुरुस्त करायला सांगितलं. नवीन नियम २०१८ मध्ये लागू झाले.

यातून दोन गोष्टी ध्यानात ठेवा. एक, लोकांनी लिहून हरकती दिल्या तर एवढ्या मोठ्या शहराचा आराखडासुद्धा मागे घ्यावा लागतो. दोन, हरकत घेणाऱ्याकडे कागद लागतो. मुंबईत कोळीवाडे नेमके किती, यावरच वेगवेगळ्या सरकारी खात्यांच्या याद्या जुळत नाहीत. हद्दी मोजायचं काम वर्षानुवर्षं रेंगाळलं. हद्दच ठरलेली नाही तर हद्दीच्या आत कोण आलं हे सिद्ध कसं करायचं?

समुद्रकाठचा वेगळा कायदा

समुद्राजवळ बांधकामासाठी केंद्र सरकारचा वेगळा नियम आहे, त्याला सीआरझेड म्हणतात. तो पहिल्यांदा १९ फेब्रुवारी १९९१ ला आला. त्यामुळे किनाऱ्याच्या शहरी भागात एफएसआय त्या वेळच्या आकड्यावर अडकून राहिला. जानेवारी २०११ च्या सुधारित नियमात मुंबईच्या कोळीवाड्यांसाठी वेगळी तरतूद आली. १९८१ च्या विकास आराखड्यात किंवा सरकारी नोंदीत जे कोळीवाडे आहेत त्यांचा नक्शा करायचा, म्हणजे तिथल्या लोकांना आपली घरं बांधता-दुरुस्त करता येतील.

शब्द बघा : "जे नोंदीत आहेत". नोंदीत नाही त्याचं काय? त्याला भांडावं लागलं.

मग १८ जानेवारी २०१९ च्या नियमाने शहरी किनाऱ्यावरचा १९९१ चा अडकलेला एफएसआय मोकळा केला. म्हणजे किनाऱ्याजवळच्या जमिनीवर जास्त मजल्यांची वाट उघडली. ज्याच्याकडे पक्का कागद होता त्याला यात संधी मिळाली. ज्याचा कागद कच्चा होता त्याला मात्र नवीन शेजारी मिळाला, तोही उंच भिंतीचा.

नुकसान कोणत्या वाटेने येते

आम्ही वाचलं, समजून घेतलं, त्यावरून मुख्य चार वाटा दिसतात.

पहिली, कामाची जागा "रिकामी" समजली जाते. खळं गेलं तर घर शाबूत असूनही धंदा जातो. घर चौथ्या मजल्यावर मिळेल, पण ओली जाळी लिफ्टमधून कुठे न्यायची? वासाची तक्रार पहिल्याच आठवड्यात होईल.

दुसरी, वस्ती "झोपडपट्टी" ठरवली जाते. महाराष्ट्रात १९७१ चा झोपडपट्टी कायदा आहे. त्यातून पुनर्विकास झाला तर पात्र कुटुंबाला फुकट घर मिळते. आजच्या मुंबईच्या नियमात ते साधारण ३०० चौरस फुटांचं असते. ज्याच्याकडे काहीच नव्हतं त्याच्यासाठी हे मोठं आहे. पण ज्याचं वडिलोपार्जित घर, अंगण आणि खळं होतं त्याच्यासाठी हा तोट्याचा सौदा आहे. कोळी म्हणतात, आम्ही अतिक्रमण केलेलं नाही, आम्हाला झोपडपट्टीत का मोजता? बरोबरच आहे त्यांचं.

तिसरी, संमती. पुनर्विकासाला सगळ्यांची संमती लागत नाही. झोपडपट्टी योजनेत पूर्वी ७० टक्के लागायची, नंतर ती ५१ टक्क्यांवर आणली. म्हणजे शंभरातले एक्कावन्न तयार झाले की उरलेल्या एकोणपन्नासांची गाडी त्याच वाटेने जाते. २०१२ साली सायन कोळीवाड्यात पुनर्विकासाच्या वादात घरं पाडली गेली. तिथल्या विरोध करणाऱ्या रहिवाशांचं म्हणणं होतं की संमती खरी घेतलीच नाही. वस्तीत फूट पडली की कागदावर बहुमत कोणाचं, हेच भांडण वर्षानुवर्षं चालते. सहकारी संस्था चालवणाऱ्या आपल्यासारख्यांना हे वेगळं सांगायला नको.

चौथी, खर्च. जमिनीचा भाव चढला की भाडं चढते, घरपट्टी चढते. इमारतीत गेलं की महिन्याचा मेंटेनन्स आला. मासळी तर रोज सारखी लागत नाही. बंदीच्या काळात पैसा येत नाही, मेंटेनन्सचं बिल मात्र येते.

अजून एक बारीक मुद्दा. मुंबईच्या २०१८ च्या नियमात जास्तीचा एफएसआय रस्त्याच्या रुंदीवर ठरतो. समोरचा रस्ता ९ मीटरपेक्षा कमी असेल तर सर्वसाधारणपणे मूळ आकड्याच्या पुढे जाता येत नाही. कोळीवाड्यातल्या गल्ल्या तर दोन माणसं समोरासमोर आली की अंग चोरतात. म्हणजे नियम दाट घरांचा, पण कोळ्याला स्वतःच्या घरावर तो वापरता येत नाही. वापरायचा तर गल्ल्या मोडून सगळी वस्ती एकत्र द्यावी लागते. तिथे बाहेरचा बिल्डर येतो.

कोळी काय मागतात

त्यांनी "बांधूच नका" असं म्हटलेलं नाही. त्यांचं म्हणणं आहे की आमच्या वस्तीसाठी वेगळी नियमावली करा, हद्दी मोजून नक्शावर आणा, खळी आणि होड्यांच्या जागा नोंदवा, आणि आमची घरं आम्हालाच वाढवू द्या. ठाण्यात जुन्या इमारतींच्या समूह विकासाची क्लस्टर योजना आली, तेव्हा गावठाण आणि कोळीवाड्यांच्या लोकांनी एकत्र येऊन विरोध केला आणि त्यांना त्यातून वगळण्याची घोषणा सरकारला करावी लागली.

म्हणजे एकी आणि कागद, दोन्ही असले तर ऐकलं जाते.

आता आपल्याकडे बघू

आपल्याकडे समुद्र नाही, सीआरझेड नाही. आपल्याकडे वैनगंगा आहे, बाघ नदी आहे, गावोगावचे तलाव आणि बोड्या आहेत. आठ मजली इमारत उद्या किरनापुरात येणार नाही. पण प्लॉटिंग येते, कॉलनी येते. २०१८ मध्ये भू-राजस्व संहितेत सुधारणा झाल्यापासून शेतजमिनीचं डायव्हर्शनही आधीपेक्षा सोपं झालं आहे.

आपल्या संस्थेला तलावाचा पट्टा मिळतो. नीट वाचा. पट्ट्यात जलक्षेत्र मोजलेलं असते, म्हणजे पाणी. डोंगा लावायचा काठ, जाळी वाळवायची पाळ, बोटुकलीची गाडी येते तो रस्ता, मासळी तोलायची जागा, हे त्या आकड्यात नसते. पट्टा दहा वर्षांचा आणि वाट मात्र कोणाच्या तरी मेहेरबानीची, अशी आपली स्थिती आहे. काठाला लागून कॉलनी झाली आणि तारेचं कुंपण पडलं, तर पाणी आपलं राहील पण पाण्यात उतरायला जागा राहणार नाही.

दुसरा धोका सांडपाण्याचा. जिथे वीस घरं होती तिथे शंभर झाली आणि नाली तीच राहिली, तर घाण उतारानेच जाणार, म्हणजे तलावात. सांडपाण्यामुळे शेवाळ वाढते. दिवसा शेवाळ पाण्यात प्राणवायू सोडते, पण रात्री शेवाळ आणि सडणारी घाण दोन्ही तो खाऊन टाकतात. म्हणून पहाटे मासे वर येऊन तोंड उघडतात. आपल्यातल्या पुष्कळांनी हे बघितलं आहे. एका पहाटेत वर्षाची कमाई उलटी तरंगते. म्हणून दाट वस्तीला आधी नाली आणि सांडपाण्याची सोय, मग मजले, ही आपली मागणी पाहिजे.

तिसरा, पाण्याची आवक. तलाव पाळीने भरत नाही, वरच्या नाल्याने भरते. तो नाला एखाद्या प्लॉटखाली दबला तर तलाव हळूहळू उपाशी मरते.

कागदाचं काम, एकेक करून

१. आपल्या तलावाचा खसरा नंबर आणि रकबा प्रत्येक सभासदाला पाठ पाहिजे. पटवारी हलक्याचा नक्शा काढून ठेवा. तलाव, पाळ, सांडवा, आवक नाला आणि येण्याजाण्याची वाट, पाचही गोष्टी त्यात दिसतात का ते बघा.

२. मध्य प्रदेश भू-राजस्व संहिता १९५९ मध्ये दोन जुनी कागदपत्रं आहेत, लोक ती विसरून गेले. एक निस्तार पत्रक, कलम २३४. गावातल्या रिकाम्या सरकारी जमिनीचा वापर कसा होईल ते त्यात असते. दुसरं वाजिब-उल-अर्ज, कलम २४२. जी जमीन किंवा पाणी सरकारच्या वा पंचायतीच्या ताब्यात नाही, तिथला वहिवाटीचा रस्ता, पाण्याचा हक्क आणि मासेमारीचा हक्क त्यात लिहिलेला असते. मासेमारी हा शब्द कायद्यातच आहे. दोन्हीच्या नकला काढा. आपली वाट त्यात असेल तर सोनं आहे, जपून ठेवा. नसेल तर नोंदीसाठी तहसीलमध्ये अर्ज द्या.

३. स्वामित्व योजना २४ एप्रिल २०२० ला सुरू झाली. ड्रोनने आबादीची मोजणी होते आणि घराचा अधिकार अभिलेख मिळतो. आपलं घर बरोबर आलं का ते तर बघाच, पण घराच्या पुढची सामाईक जागा, जिथे आपण जाळी विणतो, ती कोणाच्या खात्यात गेली तेही बघा. ड्रोनला घराचं छप्पर दिसते, वहिवाट दिसत नाही.

४. मध्य प्रदेश नगर तथा ग्राम निवेश अधिनियम १९७३ प्रमाणे एखादं क्षेत्र निवेश क्षेत्र झालं की आधी सध्याच्या जमीन वापराचा नक्शा निघते आणि मग विकास योजनेचा मसुदा. दोन्ही वेळी लोकांकडून हरकती मागवतात आणि त्यासाठी ३० दिवस असतात. सध्याच्या वापराच्या नक्शात आपल्या जागेपुढे "मोकळी जमीन" लिहून गेलं, तर पुढची सगळी योजना त्याच चुकीवर उभी राहते. म्हणून पहिल्या नक्शाच्या वेळीच बोलायचं. इमारतीचा पाया खणला गेल्यावर मोर्चा काढून फार उपयोग होत नाही.

५. हरकत तोंडी द्यायची नाही. संस्थेच्या लेटरहेडवर, ठरावाच्या नकलेसह, फोटो आणि खसरा नंबर लावून द्यायची. पोचपावती घ्यायची. फोटोत जाळी, डोंगा, काम करणारी माणसं दिसली पाहिजेत, नुसतं पाणी नको.

६. ग्रामसभेत ठराव घ्या. तलावाची पाळ, आवक नाला आणि वाट यांवर बांधकाम होऊ नये, असा एका ओळीचा ठराव पुष्कळ कामी येते.

७. कोणी अतिक्रमण केलंच तर सर्वोच्च न्यायालयाचा २८ जानेवारी २०११ चा जगपाल सिंग विरुद्ध पंजाब राज्य हा निकाल ध्यानात ठेवा. तो पटियाला जिल्ह्यातल्या एका गावतळ्याचाच खटला होता. न्यायालयाने सांगितलं की गावाच्या सामाईक जमिनी आणि तळी बळकावणं नियमित करता येणार नाही, आणि सगळ्या राज्यांना असे ताबे हटवायच्या योजना करायला सांगितल्या. अर्ज देताना या निकालाचा उल्लेख करा.

आपसातलं एक बोलणं

प्लॉटिंग करणारा आपल्यातल्याच एकाला आधी भेटते. "तुमची तेवढी पट्टी द्या, चांगला भाव देतो." ज्याची जमीन त्याचा हक्क, आम्ही कोणाला विकू नको म्हणत नाही. लेकीचं लग्न असते, दवाखाना असते, माणसाला पैसा लागते. एवढंच म्हणतो की विकताना तलावाकडे जाणारी वाट रजिस्ट्रीत सोडून विका. दहा फुटांची वाट लिहून ठेवली तर तुमचा भाव फार कमी होत नाही आणि चाळीस घरांचं पोट चालू राहते. वाट एकदा गेली की ती परत विकत घेणं संस्थेच्या ताकदीबाहेरचं आहे.

आणि ज्यांना वरचा मजला चढवायचा आहे त्यांनी खुशाल चढवा. परवानगी काढून, नालीची सोय करून. आपली वस्ती दाट झाली तर चालेल, पण तलाव आटायला नको.

पुढच्या मासिक सभेत तलावाचा नक्शा, पट्ट्याची नक्कल आणि निस्तार पत्रक आम्ही समोर ठेवू. प्रत्येक घरातून एक माणूस यावा, बायकांनी जरूर यावं. मासळी कुठे तोलतात, जाळी कुठे वाळतात, कोणत्या वाटेने डोक्यावर टोपली येते, हे त्यांनाच जास्त माहीत आहे. त्या दाखवतील त्या जागा आपण नक्शावर लाल पेनाने खूण करू आणि तोच नक्शा ठरावाला जोडू.

हा मजकूर आपल्या गावच्या ग्रुपवर पाठवा. शेजारच्या गावांतल्या समित्यांनाही द्या. आपल्यासारखाच त्यांचाही काठ आहे.

आपलेच,
सचिव व संचालक मंडळ